शेपटीचं सोंग

हॅगडाउन कोव्ह नावाच्या कोळीगावात हनोरा केरिनला हसताना कुणी पाहिलेलं नव्हतं. म्हणजे अगदीच नाही असं नव्हे. ओठ जरा ताणले जायचे, नाकातनं फुस्सकन थोडी हवा सुटायची, तेवढंच. पण दात दिसलेत, पोट हाललंय, डोळ्याला पाणी आलंय, असलं जे खरं हसू, ते नाही. न्यूफाउंडलंडच्या त्या किनाऱ्यावर मयताच्या घरीसुद्धा दोन चांगले विनोद झाल्याशिवाय माणसाला नीट पोचवलं असं कुणाला वाटत नाही. तिथं हे म्हणजे एक व्यंगच होतं. कुणी चावट गोष्ट सांगायला घेतली की हनोरा पायावर पाय टाकायची, मांड्या आवळायची आणि खिडकीतनं समुद्राकडं बघत बसायची. गोष्ट रंगात आली की तिला हटकून घरी चुलीवर ठेवलेलं काहीतरी आठवायचं. बिंगो खेळताना ती अर्ध्यातनं उठायची. चर्चमध्ये दाराजवळच्या शेवटच्या बाकावर बसायची. आणि चालायची कशी, तर दोन्ही हातांत काठोकाठ भरलेल्या बादल्या असाव्यात तशी, रुंद, सावकाश, अंग हिंदकळू न देता. लोक म्हणत, खुब्याचं दुखणं आहे. शेजारीण गर्ट टोबिन म्हणायची, खुबाबिबा काही नाही, ताठा आहे ताठा.

गंमत अशी की त्या गावातली सगळ्यात चावट बाई हनोराच होती. फक्त ते तिच्या एकटीला ठाऊक होतं. पाद्रीबाबांच्या प्रवचनावर, गर्टच्या पिसंवाल्या टोपीवर, नवऱ्याच्या घोरण्यावर तिच्या डोक्यात अखंड शेरेबाजी चालू असायची. पण ती तोंडातनं काढायची सोय नव्हती. विनोद सांगणाऱ्याला आधी स्वतःलाच हसू येतं, आणि हनोराला हसणं परवडत नव्हतं.

कारण खाली होतं.

तिचा एकुलता एक मुलगा लोई जन्मला तो ऐन मासळीच्या हंगामात. कॉटेज हॉस्पिटल म्हणजे तिथला लहानसा सरकारी दवाखाना, तो खाडीपलीकडं, आणि खाडीवर धुकं असं की होडीच्या नाळेवर बसलेल्याला सुकाणूवरचा माणूस दिसू नये. तेव्हा गावातली म्हातारी सुईणच आली. रात्रभर झुंज झाली आणि सकाळी लोई बाहेर पडला तो खांद्यासकट, एका दणक्यात, दार मोडून आल्यासारखा. सुईणीनं त्याला मासळी तोलायच्या काट्याला टांगला आणि म्हणाली, "पोरगं न्हवं बाय हे, वासरू हाय." मग तिनं खाली बघितलं आणि पुढं काही विनोद केला नाही.

फाटलं होतं. चांगलं मागपर्यंत फाटलं होतं. शिवणकाम सुईणीचं काम नव्हतं. तिनं जुन्या शिडाची पट्टी फाडली, हनोराचे गुडघे एकमेकांना करकचून बांधले आणि बजावलं, नऊ दिवस हलायचं नाही, कातडं कातड्याला आपसूक धरतं. त्या किनाऱ्यावर सगळ्यांचंच असं धरलं होतं किंवा धरलं नव्हतं. विचारायला कोण गेलंय.

हनोरा चौथ्या दिवसापर्यंत शहाण्यासारखी पडून राहिली. चौथ्या दिवशी धुकं फाटलं आणि ऊन पडलं. गावानं हंगामाची सगळी खारवलेली मासळी वाळवायच्या लाकडी माचांवर पसरली, पुरुष होड्या घेऊन बाहेर गेले, आणि दुपारी डोंगरामागनं काळं आभाळ चढून आलं. अर्धवट सुकलेल्या मासळीवर पाऊस पडला तर वर्षाची कमाई चिखल होते. माचावर बायका धावत होत्या, एकमेकींना हाका मारत होत्या. हनोराला खिडकीतनं सगळं दिसत होतं. तिच्या वाटणीचा माच कोपऱ्यात होता आणि त्याच्यापाशी कुणीच पोचलं नव्हतं.

तिनं पट्टी सोडली आणि धावली.

मासळी वाचली. एकही कॉड मासा भिजला नाही. संध्याकाळी बायका माचाखाली दम खात बसल्या, आणि गर्ट, जी तेव्हा तरणी होती आणि दुसऱ्या वेळची पोटुशी होती, तिनं पळताना आपली घागऱ्याची नाडी कशी सुटली आणि एका हातात मासळी, दुसऱ्या हातात इज्जत धरून ती माचाच्या टोकापर्यंत कशी पोचली ते नक्कल करून दाखवलं. हनोरा हसली. पोट धरून हसली. आणि तेव्हा तिला कळलं की आपल्या खालचं दार आता आपल्या ताब्यात नाही. पाणीच नव्हे, वारासुद्धा तिचं ऐकेनासा झाला होता. ती तशीच उठली, चुलीवर काहीतरी राहिलंय म्हणाली आणि घरी आली.

त्या दिवसापासून चुलीवर काहीतरी राहायला लागलं.

नवऱ्याला, डिनिसला, तिनं सांगितलं नाही. डिनिस मुळात मोजकं बोलणारा, मासा गळाला लागला तरी हूं म्हणणारा माणूस. पुढं पोर झालं नाही तेव्हा लोक म्हणाले, देवानं एकच दिलं पण दोघांच्या वजनाचं दिलं.

मग आला नाताळ, आणि नाताळाबरोबर सोंगं.

नाताळानंतरच्या बारा संध्याकाळी त्या गावात कुणी आपल्या तोंडानं हिंडत नाही. पुरुष बायकांचे झगे घालतात, बायका नवऱ्याच्या विजारी चढवतात, पाठीला उशांचं कुबड, पोटाला रजईचा नगारा, हातात मोजे, तोंडावर जाळीचा पडदा. आवाज ओळखू येऊ नये म्हणून श्वास आत ओढत बोलायचं. दारावर काठी हाणून विचारायचं, सोंगं आत येऊ का? आत गेलं की नाचायचं, घरच्यांना कोपरखळ्या मारायच्या, आणि घरच्यांनी ओळखायचं. नाव बरोबर निघालं तर पडदा वर करायचा आणि रमचा पेला घ्यायचा. नाव चुकलं तर मान हलवायची आणि नाचत राहायचं. एवढाच कायदा.

त्या पहिल्या नाताळात हनोरानं डिनिसची मेणकापडाची विजार घातली, ती होडीवर लाटा झेलायची, आतनं एक थेंब बाहेर न जाणारी. आत पंचा, पंच्यावर गोधडीचा तुकडा, वर दोन उशा. जाळ्यांच्या शेडमागं अंधारात उभी राहिली, सोंगांची एक रांग गेली, तिच्या शेपटीला गुपचूप लागली, आणि पहिल्याच घरी कुणीतरी चुलीवरच्या किटलीला घाबरून उडी मारली तेव्हा तिला हसू आलं. तिनं ते दाबलं नाही. आत काय व्हायचं ते झालं. बाहेर कुणाला काय पत्ता. समुद्र आत येऊ न देणारी विजार आतला समुद्रही बाहेर जाऊ देत नव्हती. हनोरा हसली, गडगडून, खिंकाळून, भिंतीला टेकून, जमिनीवर बसकण मारून हसली. सगळं घर तिच्या हसण्याला हसलं.

ते हसू कुणीच ओळखलं नाही, कारण आधी कुणी ऐकलेलंच नव्हतं.

तेव्हापासून दरवर्षी बारा संध्याकाळी ते सोंग कुठल्या ना कुठल्या रांगेच्या शेवटी उगवायचं. गावानं त्याचं नाव ठेवलं शेपूट. शेपूट आलं की घराचा रंगच पालटायचा. शेपूट कोण यावर पैजा लागायच्या. कुणी म्हणे पलीकडच्या कोव्हातला अमका, तो तर होडीनं येतो. एका वर्षी पाद्रीबाबांवर आळ आला, आणि त्यांनी इतक्या घाईनं नाही म्हटलं की तो पुढली पाच वर्षं गेला नाही. हनोरावर संशय घेतला असता तर घेणाऱ्यालाच लोकांनी ताप चढलाय म्हणून झोपवलं असतं. ती त्या संध्याकाळी चर्चमध्ये जपमाळेच्या प्रार्थनेला गेलेली असायची, असं ती घरी सांगायची. आणि गर्ट, जी पावलांच्या नुसत्या आवाजावरनं माणूस सांगायची, जिला त्या किनाऱ्यावर एकही सोंग फसवू शकलं नव्हतं, ती शेपटापुढं दरवर्षी हात टेकायची. नऊ बाळंतपणांनी झोप उडाली नव्हती एवढी शेपटानं उडवली, असं ती सांगायची.

वर्षातले बाराच दिवस, पण ते पुरवून हसायचं. हे सोंग ओळखलं गेलं तर लोक विचारणार, बाकीचं वर्षभर का नाही हसत गं? मग काय सांगायचं? म्हणून हनोरा वर्षभर मान खाली घालून चालायची आणि नाताळाची वाट बघायची.

लोई मोठा झाला, त्याचं लग्न झालं, आणि रोझेला नावाची सून घरात आली. तिला एक खोड होती. मनात आलं की तोंडातनं गेलंच. डिसेंबरात तिची वेळ आली तेव्हा धुकं नव्हतं, रस्ता झाला होता, आणि लोईनं तिला ट्रकमधनं कॉटेज हॉस्पिटलात नेलं. आठवड्यानं ती मुलगी घेऊन परत आली ती पाय फाकून, जपून, कमरेतनं न वाकता, अंग हिंदकळू न देता. दारातच तिनं सासूला सांगून टाकलं, "आई, कात्रीनं कापलं मेल्यानं. सगळ्या पहिलटकरणींना कापतात म्हणे. आणि मग शिवलं. किती टाके ते सांगतसुद्धा नाही. मी विचारलं, तर म्हणतो, पुरेसे."

हनोरा म्हणाली, "हळू बोल, पुरुष हायत घरात."

पुरुषांनाही ती सांगतच होती. जेवणाच्या टेबलावर, खारवलेला कॉड आणि बटाटे समोर असताना, दोरा विरघळणारा होता की काढायचा, खाज कुठं सुटते, बसताना कसं जपावं लागतं, सगळं. कडक खुर्चीवर बसवत नव्हतं म्हणून लोईनं हातगाडीच्या चाकाची ट्यूब फुगवून आणली, आणि रोझेला दिवसभर त्या ट्यूबवर राणीसारखी बसायची. दिवसातनं दोनदा कोमट मिठाच्या पाण्याच्या टबात बसायची. मीठ मासळीचंच, जाडं. डिनिस, जो हूंच्या पुढं जात नसे, तो म्हणाला, आपल्या घरात आता दोन गोष्टी खारवल्या जातात, कॉड आणि सून. रोझेला हसली आणि लगेच ओरडली, "हसवू नका, टाके ओढतात."

हनोरानं पायावर पाय टाकला आणि खिडकीकडं बघितलं. तिला सुनेचा राग येत होता, पण तो निर्लज्जपणाचा नव्हता. कापलं होतं ते सरळ कापलं होतं, आणि मग शिवलं होतं. शिवलं होतं. हे तिला रात्री अंथरुणात पुन्हा पुन्हा आठवायचं.

मग बारा संध्याकाळी सुरू झाल्या. पहिल्याच संध्याकाळी हनोरा जपमाळेला म्हणून निघाली, शेडमधल्या खुंटीवरची मेणकापडाची विजार चढवली आणि एका रांगेच्या शेपटीला लागून गर्टच्या स्वयंपाकघरात शिरली. आत अकॉर्डियन वाजत होतं, चूल लाल झाली होती, टेबलावर केक आणि सरबत, कोपऱ्यात डिनिस नेहमीसारखा चहाचा पेला घेऊन बसलेला. गर्टच्या थोरल्यानं बायकोचा झगा घातला होता, तो नाचताना चुलीच्या दाराला अडकला आणि मागनं टर्रकन वरपर्यंत फाटला. शेपूट हसायला लागलं. घर हसायला लागलं.

गर्ट मात्र हसत नव्हती. इतकी वर्षं ती त्या हसण्यावरनं माणूस शोधत आली होती, आज शेपटाच्या पायांकडं बघत होती. गेला आठवडाभर ती रोझेलाला बघायला रोज शेजारी जात होती, आणि असं रुंद, जपून पडणारं पाऊल तिच्या डोळ्यांपुढं ताजं होतं. आणि कोळ्याला वारा कळतो तसं नऊ पोरांच्या आईला ते पाऊल कळतं. तिनं हात वर केला, अकॉर्डियन थांबलं.

"आज सापडलीस," गर्ट म्हणाली. "अगं रोझेले, आंगावरचे टाके सुकले न्हाईत आन नाचतीस? लाज हाय का?"

घरात एकच गिल्ला झाला. बाळंतीण म्हटल्यावर बायकांनी शेपटाला चारी बाजूंनी धरलं, सगळ्यात मऊ उशी खुर्चीवर ठेवली आणि तिला अंड्यासारखी हलक्या हातानं तिच्यावर बसवली. गर्टनं सगळ्या पुरुषांना पडवीत हाकललं. डिनिस चहाच्या पेल्यासकट गेला. कुणी कोमट पाण्याचं घमेलं आणलं, कुणी त्यात मूठभर मीठ टाकलं. गर्ट विजारीच्या पट्ट्याला हात घालायला लागली की आधी टाके बघू. शेपूट जोरजोरानं मान हलवत होतं, दोन्ही हातांनी पट्टा धरून बसलं होतं, आणि पडद्याआड हनोराला जे हसू येत होतं ते आयुष्यात आलं नव्हतं. तिची भीतीच हसत होती. तीस वर्षांनी टाके बघायला निघाल्या होत्या, आणि टाकेच नव्हते.

तेवढ्यात दारावर काठी वाजली. सोंग आत येऊ का?

एकटंच सोंग. लोईचा कोट, डोक्यावर पडदा. ते आत आलं आणि चुलीकडं चालत गेलं, रुंद, सावकाश, जपून. अगदी शेपटासारखं.

गर्टच्या हातातलं फडकं खाली पडलं. "दोन?"

नव्या सोंगानं स्वतःच पडदा वर केला. आत रोझेला होती, घामाघूम. पोरीला पाजून लोईच्या मांडीवर टाकली होती, चार भिंतींत जीव विटला होता, तेव्हा म्हटलं एक चक्कर टाकावी, असं तिनं सांगितलं, आणि बसायला ट्यूब आहे का विचारलं.

सगळ्या शेपटाकडं बघत होत्या. गर्ट बोटांवर मोजत हळूहळू बोलली. या वर्षी कोव्हात बाळंत झालेली रोझेला एकटी. मग ही कोण? कुणाचे टाके? "पाऊल खोटं न्हाई," ती म्हणाली, "ही बाई खाली फाटलेली हाय. माझं नाव बदला न्हाईतर."

रोझेलानंही बघितलं. आधी पायांकडं. ते पाऊल ती गेली दोन वर्षं रोज सकाळी चूल ते टेबल, टेबल ते चूल बघत होती आणि खुबा समजत होती. मग तिची नजर खुर्चीखाली गेली. विजारीची आतली शिवण कुठंतरी उसवली असावी. गर्टच्या घासून पांढऱ्या केलेल्या फरशीवर एक काळपट डाग हळूहळू मोठा होत होता. अजून कुणी खाली बघितलं नव्हतं.

रोझेलानं एक पाय उचलला आणि मिठाच्या पाण्याचं घमेलं उलथून टाकलं.

"आई गं, माझे टाके," असं किंचाळत ती गर्टच्या अंगावर कोसळली. पाणी सगळ्या फरशीभर धावलं, बायकांनी स्कर्ट वर धरले, पडवीतनं पुरुष आत घुसले, अकॉर्डियनवाला घसरून वाद्यासकट आपटला आणि ते एकदाच मोठ्यानं भोकाड पसरून गप्प झालं. सगळं निस्तरेपर्यंत खुर्ची रिकामी होती.

रोझेला घरी आली तेव्हा हनोरा टेबलाशी जपमाळ घेऊन बसली होती. चेहरा चर्चच्या भिंतीसारखा. लोई पोरीला घेऊन वर झोपला होता. रोझेलानं आपली ट्यूब उचलली, सासूशेजारच्या खुर्चीवर ठेवली आणि म्हणाली, "बसा."

"मला कशाला?"

"आई, बसा."

हनोरानं जपमाळ टेबलावर ठेवली आणि उठली. मग बसली. ट्यूबमधनं जरा हवा निघाली, नको तसल्या आवाजात.

"किती वर्षं?" रोझेलानं विचारलं.

हनोरानं वरच्या मजल्याकडं हनुवटी केली. "तुझ्या नवऱ्याएवढी." मग तिनं सांगितलं. काटा, वासरू, शिडाची पट्टी, माच, काळं आभाळ. इतकी वर्षं मनात घोटलेलं होतं ते, त्यामुळं चांगलं रंगवून सांगितलं गेलं. गर्टच्या नाडीपाशी आली तेव्हा रोझेला ओंडक्यासारखी टेबलावर आडवी झाली आणि हसता हसता रडायला लागली, टाके ओढतात म्हणून की कशासाठी ते तिलाही कळलं नाही.

"त्या डॉक्टरला दाखवू," ती डोळे पुसत म्हणाली. "मला शिवलं, तुम्हांलाही शिवंल."

"जुनं शीड हाय पोरी. सुई लावली की तिथंच फाटंल. आन तो डॉक्टर लोईपेक्षा लहान हाय. त्याच्यापुढं मी..."

"माझ्यापुढं तर केलंत की, गर्टच्या फरशीवर."

हनोराच्या नाकातनं हवा सुटली. तिनं मांड्या आवळल्या.

दार उघडलं आणि डिनिस आत आला. त्यानं कोट खुंटीला लावला, टोपी झटकली, आणि भिंतीकडं तोंड करून म्हणाला, "विजारीची शिवण म्या बघायला पाहिजे होती. दरवर्षी बघतो. यंदा राहिली." आणि झोपायला वर निघून गेला.

हनोरा जिन्याकडं बघतच राहिली. दर नाताळात ती विजार खुंटीवर उलटी, धुतलेली, कोरडी मिळायची. इतकी वर्षं तिला वाटत होतं, आपलं नशीब बरं.

थंडी ओसरल्यावर दोघी ट्रकनं कॉटेज हॉस्पिटलात गेल्या. डॉक्टरनं तपासलं, आणि ज्या आवाजात तो रोझेलाशी बोलला होता त्याच साध्या आवाजात सांगितलं. आतला स्नायू तेव्हा दुभंगला आणि त्याची दोन टोकं पुन्हा कधी भेटलीच नाहीत. ती जोडता येतात. मूत्राशय खाली उतरलंय, तेही वर उचलून धरता येतं. त्यासाठी सेंट जॉन्सच्या मोठ्या हॉस्पिटलात जावं लागेल. "अगदी नव्यासारखं होईल असं मी म्हणत नाही, केरिनबाई. पण पुष्कळ सुधारेल."

हनोरानं विचारलं, "हसता येईल?"

"येईल की."

"किती?"

डॉक्टर गोंधळला. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. रोझेलानं हात फाकवून दाखवलं, एवढं. डॉक्टरनं त्या हातांकडं नीट बघितलं आणि म्हणाला, थोडी सबुरी ठेवली तर, हो.

सबुरीच कठीण होती. शस्त्रक्रिया करून हनोरा घरी आली तेव्हा पुन्हा तोच मोसम होता, तीच खिडकी, समोर तोच माच, आणि एका दुपारी डोंगरामागनं तसंच आभाळ चढून आलं. बायका धावल्या. हनोराचा हात पांघरुणावर गेला. डिनिस त्या दिवशी समुद्रावर गेलाच नव्हता. तो खुर्ची ओढून पलंगाच्या पायथ्याशी बसला होता. त्यानं बूट चढवले नाहीत की जागचा उठला नाही.

"आपला माच भिजतोय," हनोरा म्हणाली.

"हूं," डिनिस म्हणाला.

कॉड भिजला. चांगला ढिगारा गेला. हनोरा पडून राहिली. पुढं ती उठायला लागली, डॉक्टरनं दिलेला आवळायचा आणि सोडायचा व्यायाम चुलीशी, विहिरीशी, जपमाळेच्या दर मण्याला करायला लागली, एकदा शिंकली आणि जागच्या जागी थिजून उभी राहिली. काही झालं नाही. ती पुन्हा शिंकायचा प्रयत्न करत राहिली. मिरी हुंगताना रोझेलानं तिला पकडलं.

बोलणं मात्र गावभर सुटलं होतं. त्या घमेल्याच्या संध्याकाळनंतर गर्टला चैन नव्हती. कोव्हात एक बाई फाटलेली आहे आणि कोण ते कळत नाही, म्हणून तिनं जिला तिला विचारायला सुरुवात केली, आणि विचारता विचारता कळलं की एक नाही. कुणी खोकताना दाराला धरायची, कुणी पाद्रीबाबा लांब बोलले की घामाघूम व्हायची. रोझेला त्यांना डॉक्टरचं सांगायची. ट्यूब या घरातनं त्या घरात फिरायला लागली.

उन्हाळ्याच्या शेवटी चर्चच्या मैदानावर जत्रा भरली, सगळ्या गावाच्या चहाची टेबलं मांडली, आणि हनोरा पहिल्यांदा बाकाच्या मधोमध बसली, कडेला नाही. पलीकडं डिनिस नातीला मांडीवर घेऊन. गर्ट चहाची किटली घेऊन ओतत होती आणि बाळंतपणं सांगत होती, कारण आता तेच चालू होतं.

"सहाव्या वेळंला डॉक्टरनं शिवलं, दोरा तोडला," गर्ट सांगत होती, "आन सुई घेऊन निघाला. म्या म्हनलं, थांबा की वो. सुई तिथंच टोचून ठेवा. फुडल्या वर्षी हुडकायला नगं."

पाद्रीबाबा नेमके तेव्हाच बशी पुढं करून उभे होते.

हनोराच्या नाकातनं हवा सुटली. सवयीनं तिनं पायावर पाय टाकला, खिडकी शोधली, पण मैदानात खिडकी नव्हती आणि चुलीवर काही राहिलेलं नव्हतं. मग पोटातनं ते वर आलं. आधी एक चित्कार, मग गडगडाट, मग ती टेबलावर हात आपटायला लागली, टोपी पडली, डोळ्यांतनं पाणी, दात सगळेच्या सगळे उघडे. खाली तिनं क्षणभर कानोसा घेतल्यासारखं केलं. कोरडं होतं. ती आणखी जोरात हसली.

टेबलं एकेक करून गप्प होत गेली. ते हसू सगळ्यांनी ऐकलेलं होतं. दर नाताळात, पडद्याआडनं.

गर्टच्या हातातल्या किटलीची धार पाद्रीबाबांच्या बाहीवर चालू होती आणि दोघांनाही त्याचा पत्ता नव्हता.

"शेपूट," गर्ट म्हणाली. मग हळूच, "अगं बया. तू? व्हय गं, आन त्या दिवशी माझ्या उशीवर..." तिनं हनोराकडं बघितलं, मग रोझेलाकडं, मग आपल्या फरशीवर सांडलेलं सगळं पाणी तिला एकदम आठवलं असावं, कारण ती बाकावर मटकन बसली.

डिनिसनं नातीला दुसऱ्या मांडीवर घेतलं. "म्या दर नाताळात तुझ्या घरी चहा प्यायला का यायचो वाटलं तुला, गर्ट?" तो म्हणाला. "तुझा चहा काय पिण्यासारखा हाय?"

एवढं लांब वाक्य त्याच्या तोंडून गावानं कधी ऐकलं नव्हतं. हनोरानंही नाही. तिचं हसू मधेच अडकलं, आणि ती नवऱ्याकडं बघत राहिली, ओल्या डोळ्यांनी, तोंड उघडं टाकून.

गर्टनं टेबलावर बोट वाजवलं. "नाव बरोबर आलं का न्हाई ते सांग. कायदा कायदा हाय."

हनोरानं दोन्ही हात वर नेले, कपाळापाशी नसलेला पडदा चिमटीत धरला, आणि सगळ्या मैदानासमोर, भर उन्हात, हळूच वर केला.

"रम आण," ती म्हणाली.

गर्ट उठली. पाद्रीबाबा भिजलेली बाही पिळत आधीच निघाले होते, कारण बाटली कुठं ठेवलीय ते त्यांनाच ठाऊक होतं.